नेस्ले-आलांड 28 : युनियाच्या शोधात किती कामाची?

बायबलच्या नव्या करारातलं रोमकरांस पत्र, अध्याय 16, वचन 7. अंद्रोनिक आणि युनिया यांना पत्रलेखक पौल सलाम पाठवतो. दोघं माझे नातेवाईक, माझ्यासोबत कैद भोगलेले, प्रेषितांमध्ये (ख्रिस्ताचा संदेश पसरवणाऱ्या पहिल्या दूतांमध्ये) नामांकित, माझ्याही आधी ख्रिस्तात आलेले, असं तो सांगतो. नव्या करारात ‘युनिया’ हे नाव पुन्हा कुठेच येत नाही. तरी ही व्यक्ती बाई की पुरुष यावरचा वाद अजून चालू आहे. तो मुळापासून तपासायचा तर ग्रीक संहितेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून पाठभेदांसह छापलेली प्रत, हाताशी हवी. नेस्ले-आलांडची 28वी आवृत्ती (2012, जर्मन बायबल सोसायटी, श्टुटगार्ट) या एका वचनावर घासून पाहिली, तर तिची ताकद आणि तिची उणीव दोन्ही लगेच दिसतात.

आधी गोम कुठे आहे ते पाहू. ग्रीकमध्ये नाव द्वितीया विभक्तीत आहे आणि अक्षरं सात: योटा, ओमिक्रॉन, उप्सिलोन, न्यू, योटा, आल्फा, न्यू. दुसऱ्या योटावर तिरपी आघातखूण दिली की ‘युनिया’ ही बाई. तीच खूण वळणदार करून आल्फावर ठेवली की ‘युनियास’ हा पुरुष. अक्षर एकही बदलत नाही. जुन्या मोठ्या लिपीतल्या हस्तलिखितांत मूळ लेखकू आघातखुणा देतच नसत, त्यामुळे नुसती अक्षरं पाहून निकाल लागत नाही. पुढे लहान लिपीत खुणा नियमित येऊ लागल्या, तेव्हा तिथे स्त्रीलिंगी रूप दिसतं.

28व्या आवृत्तीत स्त्रीलिंगी रूपच छापलं आहे, आणि ते योग्यच आहे. लॅटिन ‘युनिया’ हे बायकांचं नाव रोममधल्या शिलालेखांत शेकड्यांनी सापडतं. ‘युनियास’ हे पुरुषाचं नाव मात्र ना शिलालेखात, ना पपायरसात. ‘युनियानुस’चं ते लाडकं रूप असावं, हा निव्वळ तर्क.

आवृत्तीची खरी किंमत कळते ती पानाच्या तळाशी, पाठभेदांच्या टीपेत. सुमारे इ.स. 200चं ‘पपायरस 46’ या क्रमांकाचं हस्तलिखित इथे ‘युलिया’ वाचतो. आता त्याच अध्यायात 15व्या वचनावर या. तिथे संहितेत ‘युलिया’ आहे आणि काही हस्तलिखितांत तिची ‘युनिया’ झाली आहे. म्हणजे लेखकू ही दोन नावं एकमेकांत मिसळत होते. ‘युलिया’ तर निर्विवाद बाईचं नाव, तेव्हा पपायरस 46 लिहिणाऱ्यानेही सातव्या वचनात बाईच वाचली. हा पुरावा अनुवादात हाती लागत नाही, इथे तो दोन ओळींत मिळतो.

उणीव अशी की या नावाचा छापील इतिहास टीपेतून समजत नाही. 1516मध्ये ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मस या विद्वानाने स्त्रीलिंगी रूप छापलं होतं. नेस्लेच्या 1927च्या 13व्या आवृत्तीत पुरुष आला आणि 1998पर्यंत टिकून राहिला. त्या वर्षी 27व्या आवृत्तीच्या पाचव्या मुद्रणात युनिया परतली. म्हणून 27वी आवृत्ती जुन्या बाजारात घेताना मुद्रणाचं वर्ष बघाच. 1993चं पहिलं मुद्रण असेल तर या जागी चुकीची खूण आहे. 28व्या आवृत्तीतले संहितेचे 34 नवे बदल याकोबापासून यहूदापर्यंतच्या पत्रांत आहेत. रोमकरांस पत्रापुरतं पाहायचं तर 1998नंतरची 27वी प्रतही पुरते.

ग्रीक नव्या कराराची लाल पुठ्ठ्याची युनायटेड बायबल सोसायटीजची आवृत्ती वापरणाऱ्यांनी एका ठिकाणी सावध राहावं. तिथे पाठाच्या खात्रीसाठी ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी देतात. 1994च्या सोबतच्या टीकाग्रंथातच सांगितलं आहे की इथली ‘ए’ श्रेणी ‘न’ की ‘ल’ एवढ्यापुरतीच आहे, लिंगाबद्दल समितीत एकमत नव्हतं. त्या ‘ए’च्या जोरावर ‘युनियास’ पक्का मानणं ही नेहमी होणारी चूक.

दुसरी चूक व्याकरणाची. ‘नातेवाईक’, ‘जे’ ही रूपं पुल्लिंगी अनेकवचनी आहेत, म्हणून दोघंही पुरुष, असं म्हटलं जातं. पण ‘आईवडील आले’ म्हणताना आई काही पुरुष होत नाही! ग्रीकमध्येही स्त्रीपुरुष मिळून असले की पुल्लिंगीच चालतं.

आवृत्तीचं काम इथे संपतं. वचनातले मूळ ग्रीक शब्द ‘एपिसेमोइ एन तोइस आपोस्तोलोइस’ म्हणजे प्रेषितांपैकी नामांकित की प्रेषितांना ठाऊक असलेले, हे पाठभेदांतून ठरत नाही. त्यासाठी चांगला ग्रीक कोश लागतो आणि जुने भाष्यकारही लागतात. दुसऱ्या अर्थाची बाजू 2001मध्ये जोरात मांडली गेली. पण ग्रीक ही ज्याची मायबोली, त्या क्रिसोस्तोम या ख्रिस्ती प्रवचनकाराने चौथ्या शतकात रोमकरांस पत्रावरच्या 31व्या प्रवचनात या बाईला प्रेषित म्हणवून घेण्याइतकी थोर ठरवलं आहे. ही प्रत घेणाऱ्याने ते प्रवचनही शेजारी ठेवावं.