संखेड्याची लाख: बडोद्याची भेटवस्तू घेताना

बडोद्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत हमखास दोन गोष्टी असतात, लीलो चेवडो (ओला चिवडा) आणि संखेड्याचं काहीतरी, म्हणजे बडोद्याजवळच्या संखेडा गावची लाख चढवलेली लाकडी वस्तू. चेवडा चार दिवसांत संपतो. संखेड्याची वस्तू मात्र पंचवीस-तीस वर्षं दिवाणखान्यात राहते, म्हणून ती चुकीची घेतली तर तेवढीच वर्षं डोळ्यांत खुपते. मरून रंगावर सोनेरी वेलबुट्टी दिसली की गिऱ्हाईक खूश होतं, आणि साध्या लाकडावर सोनेरी ऑइलपेंट मारलेला मालही त्याच भावात खपून जातो. संखेडा फर्निचरला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण चौरंग हातात घेतल्यावर ते त्याच्या पायावर लिहिलेलं नसतं. पारख आपल्यालाच करावी लागते.

पारखायचं तर आधी ते सोनं येतं कुठून ते कळायला हवं. सागाचा वाळलेला तुकडा लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवून कातारी त्याला आकार देतो. (लेथला गुजरातीत संघेडो म्हणतात, गावाचं नाव त्यावरूनच पडलं, असं तिथले लोक सांगतात.) घासून गुळगुळीत केल्यावर रंगाचा हात फिरतो. मग कथलाची भुकटी सरसात कालवून बारीक कुंचल्याने नक्षी काढतात. ती वाळली की अकिकाच्या दगडाने घोटतात, तेव्हा नक्षी चांदीसारखी चमकते. इथपर्यंत सोनेरी काहीच नसतं. त्यानंतर फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने ती सारखी करतात. लाखेचा रंग मुळातच मधासारखा असतो. त्या मधाळ थरातून खालचं कथील दिसतं, आणि आपल्याला वाटतं सोनं.

पहिली परीक्षा यातूनच निघते. दुकानातली एखादी जुनी, कोपरा उडालेली वस्तू मागून घ्या. लाख निघालेल्या जागी नक्षी पांढरट-चंदेरी दिसली तर काम अस्सल. तिथेही सोनेरीच दिसली तर तो रंग. कोऱ्या वस्तूवर हे दिसणार नाही, म्हणून ती दारात उजेडाला तिरकी धरा. कथलाची नक्षी थराखालून, जरा आतून चमकते. सोनेरी रंग वरच बसलेला दिसतो आणि जवळून त्यात बारीक कण लुकलुकतात. हाताने काढलेली दोन फुलं कधी तंतोतंत सारखी नसतात. सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसली तर तो छापा किंवा स्टिकर आहे.

आता बऱ्याच ठिकाणी लाखेऐवजी मेलामाईनसारखं पॉलिश मारतात. त्यात फसवणूकच असते असं नाही. टेबल, खुर्ची यांना ते सोयीचंही पडतं, कारण पाण्याला टिकतं. पण लाखेचा भाव देऊन पॉलिश घरी नेऊ नका. दुकानदाराच्या परवानगीने पायाच्या खालच्या कडेला सॅनिटायझरचा एक थेंब लावून मिनिटभर थांबा. लाख असेल तर बोट चिकटेल, कारण ती अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशला सहसा काहीच होत नाही. अस्सल माल असलेला दुकानदार या परीक्षेला सहसा नाही म्हणत नाही.

लाकूड मात्र उलटं करूनच बघायचं. तळाला रंग पोचलेला नसतो, तिथे सागाच्या तपकिरी-सोनेरी रेघा दिसायला हव्यात. पांढरट, हलकं लाकूड असेल तर ते साग नव्हे, किंवा सागाचाच बाहेरचा कच्चा भाग आहे, आणि त्याला कीड लागते. दुसरी खूण फारसं कोणी बघत नाही. कातलेल्या पायाच्या टोकाला वर्तुळाच्या बरोबर मध्यावर गाभ्याचा ठिपका आहे का ते पाहा. असला तर तो पाय बारीक फांदीतून अख्खा काढलेला आहे. असं लाकूड वाळताना गाभ्यापासून चांदणीसारखं तडकतं, आणि त्याबरोबर लाखही फुटते. मोठ्या ओंडक्यातून चिरून काढलेल्या पायाला मध्यावर गाभा नसतो. एवढी एकच गोष्ट बघितली तरी निम्मे वाईट चौरंग दुकानातच राहतील.

आता काय घ्यावं. भेट म्हणून आमची पहिली पसंती चौरंगाला, म्हणजे इथल्या बाजोठाला. वास्तुशांत असो, गौरी-गणपती असो की मुंज, तो कुठेही शोभतो आणि वापरात राहतो. सपाट फरशीवर ठेवून चारी कोपरे आळीपाळीने दाबा. एखादा पाय उचलला गेला तर खाली रबर लावून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, दुसरा नग मागा. पाय फिरवून बसवलेले असतात, म्हणून एकेक हाताने पिळून बघा. किंचितही फिरला तर पावसाळ्यानंतर तो हलणारच. भेट देताना एक सूचना चिठ्ठीवर लिहूनच द्या: मूर्तीखाली ताम्हन किंवा जाड वस्त्र ठेवा. पंचामृताचा ओघळ किंवा ओली फुलं रात्रभर राहिली की लाखेवर पांढरा डाग उमटतो आणि तो पुसून जात नाही. गरम चहाच्या कपाचंही तेच.

रुखवतासाठी लाखेचं पोळपाट-लाटणं फार नेतात. मांडायला झकास, लाटायला निरुपयोगी. रोजच्या धुण्याने लाख उडते आणि रंग कणकेला लागतो. नवरीने पोळ्या कराव्यात अशी अपेक्षा असेल तर साधं सागाचं लाटणं वेगळं द्या. भातुकली त्याहून चांगली, पण तीन वर्षांखालच्या मुलाला नको. त्यातली झाकणं आणि वाट्या तोंडात मावतात, आणि हल्ली रंग बहुतेक रासायनिकच असतात.

झाकणाची डबी (कुंकवाची, दागिन्यांची) घेताना कुठल्या महिन्यात घेताय ते लक्षात ठेवा. लाकूड आपल्या रेघांना आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, त्यामुळे गोल झाकण पावसाळ्यात किंचित लंबगोल होतं. मे महिन्यात घट्ट बसणारं झाकण जुलैत उघडणार नाही. उन्हाळ्यात घ्यायची तर जरा सैल घ्या, आणि पावसात घ्यायची तर घट्ट.

बारशाला पाळणा देणाऱ्यांनी आधी मोजपट्टी लावावी. दोन दांड्यांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. जुन्या घडणीच्या पाळण्यांत नक्षी मोकळी दिसावी म्हणून ही फट मोठी ठेवलेली असते, आणि विकणारे हे सांगत नाहीत. दात यायला लागलेलं मूल वरची दांडी चावतंच, म्हणून तिच्यावर सुती कापड गुंडाळायला सांगा. गुजराती घोडियुं, म्हणजे कापडाची झोळी लावलेलं, हा जास्त सुटसुटीत पर्याय. ते उघडून गाडीत आडवं टाकता येतं. झोपाळ्याबद्दल इथे लिहीत नाही. तो भेट देण्याचा नव्हे, घर बांधताना ठरवण्याचा विषय आहे, आणि त्यात खरा प्रश्न लाकडाचा नसून छताच्या कड्यांचा असतो.

दांडियांची जोडी ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सोपी भेट. लांबी मुलाच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरावी. त्याहून मोठ्या दांडिया शेजारच्याच्या डोक्याला लागतात. दोन्ही एकमेकींवर वाजवून ऐका. आवाज ठणठणीत हवा. बद्द आला तर आत चीर आहे. बडोद्याच्या मोठ्या मैदानातला गरबा टाळीचा, तिथे दांडिया फारशा लागतही नाहीत. सोसायटीत आणि शाळेत मात्र त्या जोरात खपतात, आणि दोन नवरात्रांत टोकाची लाख उडणार हे धरूनच घ्यावं.

सावंतवाडीच्या खेळण्यांशी तुलना होतेच, म्हणून सांगतो: तिथला जीव रंगवण्यात आहे, इथला कातण्यात आणि त्या कथलात. सावंतवाडीची फळं संखेड्यात शोधू नका. तशी कोणी दाखवली तर ती बाहेरून आणलेली असतात.

घ्यायचं कुठे? शहरात मिळतं, पण घरच्यांना घेऊन एक दिवस काढता येत असेल तर थेट संखेड्याला जावं. बडोद्यापासून डभोईमार्गे साधारण ५० किलोमीटर, ओरसंग नदीकाठचं गाव, आता छोटाउदेपूर जिल्ह्यात. पुढे दुकान आणि मागे कारखाना असलेली घरं इथे आहेत. आधी मागे जायची परवानगी मागा आणि मुलांना लेथ बघू द्या. लेथ आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालतो, पण फिरत्या लाकडावर लाख वितळताना बघायला मोठी माणसंही उभी राहतात. सैल ओढणी आणि मोकळे केस लेथपासून दूर ठेवा. भाव वस्तूच्या आकारापेक्षा कातलेल्या कंगोऱ्यांवर आणि नक्षीच्या दाटपणावर ठरतो, म्हणून दोन चौरंगांचे भाव विचारताना नक्षी सारखी आहे ना ते पाहा. स्वतःच्या पसंतीचा रंग हवा असेल तर आगाऊ सांगून ठेवावा लागतो. निळा, काळा, हिरवा, मोतिया, सगळे करून देतात. तरी कथील सर्वांत खुलतं ते मरूनवरच.

परतताना डभोईला हिरा भागोळ बघून घ्या. तेराव्या शतकातल्या या दरवाज्याचं कोरीवकाम बघायला तासभर हवा. याच वाटेने पुढे एकतानगरचा सरदार पटेलांचा पुतळाही आहे, तेव्हा ‘एकाच दिवसात दोन्ही उरकू’ असं घरातलं कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. दोन्हींतलं काहीच नीट होत नाही, आणि खरेदी घाईत होते, म्हणजे गाभ्याचा ठिपका बघायचा राहतो.

शहरातच राहायचं असेल तर दिवसाची मांडणी अशी करा. लक्ष्मी विलास पॅलेस सोमवारी बंद असतो, त्यामुळे तो वार टाळा. पाहुण्यांना राजा रविवर्म्याची चित्रं बघायची असतील तर त्याच आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात न्या. लहान मुलं बरोबर असतील तर पॅलेसपेक्षा कमाटीबाग बरी. काळा घोडा चौकात उतरलात की समोरच. आत शिरल्यावर मुलं प्राणिसंग्रहालयाकडे ओढतील, पण आधी म्युझियम करा, कारण ते संध्याकाळी लवकर बंद होतं आणि बाग नंतरही उघडी असते. १८९४ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत मुलांसाठी दोनच गोष्टी पुरतात: इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा. बडोद्याच्याच अकोटा भागात सापडलेल्या जुन्या जैन कांस्यमूर्तींसमोर मोठ्यांनी थांबावं, तोवर मुलांना बागेत सोडायला कोणीतरी हवं.

हातकामाची खरी आवड असलेल्यांनी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा चुकवू नये. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. भिंतभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, कृष्णलीलेपासून मराठे-इंग्रजांच्या लढाईपर्यंत. लाकडी जिने उभे आणि अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वर चढवू नका. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. तिथून मांडवी आणि खंडेराव मार्केट जवळच, पण स्वतःची गाडी घेऊन जुन्या शहरात शिरू नका. पार्किंग शोधण्यात संध्याकाळ जाते. रिक्षाच करा.

भूक लागली की सेव-उसळ. तरी वेगळी मागा, नाहीतर मुलं पहिल्या घासाला रडतील. लीलो चेवडो घरी न्यायचा तर निघायच्या दिवशीच घ्या. तो ओलसर असतो, कोरड्या चिवड्यासारखा महिनाभर टिकत नाही.

आणि सगळी खरेदी ज्यात वाया जाते ती म्हणजे सामानाची बांधाबांध. दुकानदार सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळतात. उन्हाळ्यात लाख मऊ पडते आणि घरी पोचेपर्यंत मथळ्याची शाई चौरंगावर उमटलेली असते. बबल रॅप थेट लावला तर त्याचे गोल छाप उठतात. आधी जुनं सुती धोतर किंवा मलमल, मगच बाकीचं काही. सत्तर अंशांच्या आसपास लाख वितळू लागते आणि मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे तेवढं ऊन सहज होतं, म्हणून सामान मागच्या काचेशी कधीच ठेवू नका, सीटखाली ठेवा. घरी पोचल्यावर लगेच सोडा आणि रात्रभर पंख्याखाली उघडं राहू द्या. पुसायचं ते कोरड्या मऊ कापडाने. स्पिरिट, काच पुसायचं द्रव, अत्तर यांतलं काहीही जवळ नको. अत्तराची कुपी लाखेच्या डबीत ठेवणाऱ्यांनी ती आधी एखाद्या वाटीत ठेवावी.