सुती हातकागद : एक ताव, चार माध्यमं

आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकायला लागल्यापासून माझे सगळ्यात जास्त पैसे रंगांपेक्षा कागदावर गेले आहेत. रंगाची ट्यूब पिळून पिळून पुरवता येते, कागद एकदा बिघडला की गेला. म्हणून पणजीतल्या ज्या दुकानातून आम्ही सगळेच सामान आणतो, तिथे सुती हातकागदाचा नवा माल आलेला दिसला तेव्हा मी एकदम गठ्ठाच उचलला आणि जवळजवळ प्रत्येक विषयासाठी तोच वापरला. गठ्ठ्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. हातकागद बऱ्याचदा असा सुटाच मिळतो. तेव्हा हे परीक्षण या जातीच्या कागदाचं आहे असं समजा.

ताव 22 बाय 30 इंचाचा, दोन जाडींत: चौरस मीटरला 150 ग्रॅम आणि 300 ग्रॅम. लाकडाचा लगदा यात नाही. कापडाच्या, विशेषतः बनियन-टीशर्टच्या कारखान्यांतल्या सुती चिंध्या कुटून त्याचा लगदा करतात, तो पाण्यात सोडून जाळीच्या चौकटीने उचलतात, दाबतात आणि वाळवतात. पुण्यात हातकागद संस्था 1940 पासून हेच काम करते आहे. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने पडतात. हाताने हलवलेल्या चौकटीत ते सगळीकडे विखुरतात, म्हणून हा ताव आडवा फाडा की उभा, सारखाच चिवट लागतो. चारही काठ फुसफुशीत, एका बाजूला जाळीची पुसट खूण, दुसरी बाजू मऊ. किमतीचं म्हणाल तर परदेशी सुती कागदाच्या एका तावात याचे चार-पाच ताव सहज येतात.

कोळशासाठी हा कागद मला मनापासून आवडला. गुळगुळीत कागदावर कोळसा वरच्यावर घसरतो आणि पाच-सहा वेळा खोडलं की काळपट चट्टा उरतो. इथे जाळीच्या बाजूचे बारीक उंचवटे कोळसा धरून ठेवतात. कणीक-खोडरबर दाबून उचललं की उंचवट्यावरची पूड निघते, खळग्यातली राहते. त्यामुळे सावलीच्या आतून एक मऊ करडा उजेड येतो, तो कागदानेच दिलेला असतो. आजीचं डोकं काढत होते तेव्हा नेमका गालावर एक निळा दोरा निघाला, लगद्यात राहून गेलेला, अर्ध्या पेराएवढा. तो मी तसाच ठेवला. ज्यांना निर्दोष पांढरा पृष्ठभाग हवा असतो त्यांनी ताव घेण्याआधी खिडकीसमोर धरून पाहावा. असे दोरे आणि ठिपके उजेडात लगेच दिसतात.

जलरंगांबद्दल मात्र इतकं चांगलं लिहिता येणार नाही. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हातकागद घेणारे बहुतेक जण तो जलरंगांसाठीच घेतात.

गोव्यातल्या सांत इस्तेवचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) बंगालात, शांतिनिकेतनात शिकले. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. त्या चित्रांतले रंग कागदाच्या वर बसल्यासारखे दिसत नाहीत, आतून झिरपल्यासारखे दिसतात. बंगालकडच्या चित्रकारांनी जपानी चित्रकारांकडून उचललेली वॉशची पद्धत अशी: रंग लावायचा, वाळू द्यायचा, अख्खा कागद पाण्याखाली धरायचा, सैल रंग जाऊ द्यायचा, पुन्हा लावायचा. हे मला करून पाहायचंच होतं. 300 ग्रॅमच्या तावावर पहिला हात सुंदर बसला. दुसऱ्या धुण्याला कागदाची लव उठायला लागली. तिसऱ्यांदा ब्रश फिरवला तर केसाळ गोळ्या ब्रशबरोबर निघून आल्या आणि तिथे रंग डागासारखा शोषला गेला.

दोष तंतूंचा नाही, खळीचा आहे. कागद पाणी किती वेळ वर धरून ठेवतो ते त्याला लावलेल्या खळीवर ठरतं, आणि या गठ्ठ्यात ती कमी होती, शिवाय सगळीकडे सारखी नव्हती. एकाच तावाचा वरचा कोपरा थेंब तरंगवत होता आणि खालचा लगेच गिळत होता. दुकानातच पारख करायची तर बोट ओलं करून कोपऱ्यावर थेंब ठेवा. थेंब फुगीर राहिला तर जलरंगांना घ्या, बसला तर दुसऱ्या कामाला. दुकानदारकाका हे आधीच सांगतात, ही त्यांची मोठी गोष्ट. ‘बाय, पाण्याचं काम असेल तर हा नको, शाई-कोळसा असेल तर डोळे मिटून घे,’ असं म्हणून ते ताव उलटून दोन्ही बाजू दाखवतात.

कोमट पाण्यात जिलेटिन विरघळवून, लिटरला साधारण 20 ग्रॅम, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावलं की हाच कागद खूप सुधारतो. वर्गात आम्ही हे करून पाहिलं. पण जिलेटिन म्हणजे बुरशीचं आवडतं खाणं, आणि आपल्याकडे आषाढात हवेतला ओलावा 90 टक्क्यांच्या आसपास असतो. तेव्हा हा उपाय हिवाळ्या-उन्हाळ्यातच करावा.

लिनोकटला, म्हणजे लिनोलियमवर कोरून शाईने घेतलेल्या ठशाला, 150 ग्रॅमचाच ताव घ्यावा. जाड ताव प्रेसशिवाय शाई नीट उचलत नाही, उंचवट्यांवरच काळा लागतो आणि मधे पांढरे ठिपके राहतात. 150 चा ताव किंचित दमट करून, मऊ बाजू शाईवर ठेवून, लाकडी चमच्याच्या पाठीने गोल गोल घासला तर ठसा भरीव उठतो. कमी खळ इथे फायद्याचीच ठरते, शाई कागदात शिरते. तेलाची शाई पावसात वाळायला फार वेळ घेते, म्हणून ठसे एकावर एक ठेवू नयेत, दोरीला लटकवावेत.

चौथं माध्यम आमच्या पेडण्याचं. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावीची चित्रं आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव चढवायची आणि ती टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. रंग दोनच, पण रेषा अशी की नजर हटत नाही. भिंतीवर सराव कुठे करणार? म्हणून मी तो कागदावर करायचं ठरवलं. आमच्याकडे चिरे तासले की जांभ्याचा लाल भुगा मिळतो. तो पाण्यात ढवळला, जड रेव तळाला बसू दिली, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर शेवटी तळाशी जो गाळ राहतो तो बोटांत घेतला तर पिठासारखा लागतो. बाभळीच्या डिंकात तो खलला की विटकरी, उबदार रंग तयार. यात लोहाचं ऑक्साइड असतं, त्यामुळे उन्हात उडत नाही.

300 ग्रॅमच्या तावावर आधी सरस घातलेल्या खडूच्या पुडीचे पातळ थर दिले, वाळल्यावर वर काव, आणि बोथट कर्कटाने खरवडायला घेतलं. साध्या ड्रॉइंग पेपरला या कामात भोकं पडतात. इथे टोक तंतूंपर्यंत गेलं तरी ते लांब आणि एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे लव उठली पण कागद फाटला नाही. उलट पांढऱ्या रेषेच्या कडेला जो किंचित खरखरीतपणा आला, तो भिंतीवरच्या रेषेच्या खूप जवळ जातो. मामांची पेडण्यात गणपतीची चित्रशाळा आहे. त्यांनी अंगठ्याचं नख त्या रेषेवरून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, ‘गे, हे टिकेल. फक्त वाकवू नको.’ खरं आहे, खडूचा थर वाकवला की तडकतो. ताव आधी जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर चिकटवूनच काम सुरू करावं.

ठेवण्याबद्दल एवढंच: पावसाळ्यात हा कागद भिंतीला टेकून किंवा पलंगाखाली ठेवू नका, तपकिरी ठिपके पडतात. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधला तर ओलावा आतच अडकतो. माझे ताव उंच फळीवर, सिलिका जेलच्या पुड्या घालून, सुती कापडात गुंडाळलेले आहेत आणि अजून स्वच्छ आहेत.

कोळसा, लिनो आणि मातीच्या रंगांसाठी मी हा कागद पुन्हा नक्की घेईन. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी तर घ्यावाच, कारण स्वस्त असल्यामुळे मोठ्या आकारात काम करायची भीती जाते. पारदर्शक जलरंगांच्या परीक्षेच्या कामासाठी घेऊ नये, तिथे मशीनचा का होईना, चांगल्या खळीचा सुती कागदच आणावा. घ्यायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या. गणपतीच्या आधी सजावटवाल्यांची झुंबड उडते आणि जाड ताव सगळ्यात आधी संपतात.