दिवा लागला म्हणून स्टेअरिंग कॉलम बदलायला निघू नका

कोल्हापुरात पाऊस धरला की इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा (मोटरच्या मदतीनं स्टेअरिंग हलकं करणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागलेल्या गाड्या वाढतात, आणि त्यांच्या मागोमाग चाळीस हजारांची इस्टिमेटंही. गगनबावडा रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्या एका शिक्षकांच्या हॅचबॅकचं बघा. सकाळी गाडी काढताना स्टेअरिंग जड व्हायचं, दिवा लागायचा. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. गॅरेजवाल्यानं सांगितलं, "कॉलमच गेलाय सर. मोटर, ईसीयू त्यातच येतं, सुटं मिळत नाही." कॉलम म्हणजे स्टेअरिंगच्या चाकाखालचा दांडा, आणि ईसीयू म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. ३८,००० रुपये घेतले. पंधरवड्यात दिवा परत लागला. खरा दोष बॅटरीजवळच्या बॉडी अर्थच्या (बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीच्या) बोल्टात होता. लगखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, पांढरट-हिरवा थर साचलेला. लग, वायर आणि मजुरी धरून ६०० रुपयांचं काम. शिवाय बसवलेला 'नवा' कॉलम जुनाच निघाला, वरून काळा रंग मारलेला.

ही फसवणूक खपते कशी? गिऱ्हाइकासमोर टेस्टर लावला जातो. बल्ब लख्ख पेटतो. "बघा, करंट येतोय, म्हणजे वायरिंग ओके." इथंच मेख आहे. टेस्टरचा ५ वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. उभ्या गाडीचं स्टेअरिंग वळवताना मोटर मात्र ४०-५० अँपिअर मागते. गंजलेल्या जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा असला, तर बल्बला ०.०२ व्होल्ट कमी मिळतात, ते कुणाला कळणारही नाही. पण ४० अँपिअरला तिथंच २ व्होल्ट खर्ची पडतात आणि ८० वॅटची उष्णता तयार होते. तापला की जोड आणखी बिघडतो. ईसीयूला व्होल्टेज कमी दिसलं की तो मदत तोडतो आणि दिवा लावतो. मल्टिमीटरची 'बीप' लावूनही हे सापडत नाही, कारण साध्या मीटरच्या वायरींचाच अडथळा यापेक्षा जास्त असतो.

दुसरा प्रकार स्कॅनरचा, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचा. इग्निशन चालू असताना स्टेअरिंगचा कपलर (वायरींचा प्लग) काढला की 'यू ०१३१' कोड येतो. म्हणजे स्टेअरिंगच्या ईसीयूशी संपर्क तुटला, एवढंच. तो स्क्रीन दाखवून ईसीयू मेला असं सांगितलं जातं. म्हणून काहीही उघडण्याआधीच्या पहिल्या स्कॅनचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर घ्या, आणि कोड चालू आहे की जुना साठलेला, हे विचारा. उभ्या गाडीत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवून "बघा, जड झालं" म्हणणारेही भेटतील. तसं केल्यावर मोटर तापते आणि ईसीयू तिला वाचवायला जोर कमी करतो. थोडा वेळ थांबलं की पूर्ववत होतं. तो बिघाड नव्हे.

खरी तपासणी दहा मिनिटांची आहे. आधी बॅटरी: बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर टेकवायची. खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर नको, खुद्द खुंटावर. लाल पिन स्टेअरिंग ईसीयूच्या कपलरमागून अर्थच्या जाड वायरीला लावायची. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून, इंजिन चालू करून दुसऱ्यानं स्टेअरिंग सावकाश वळवायचं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली. ०.२ च्या वर संशय, ०.५ म्हणजे दोष सापडलाच. तसंच पॉझिटिव्ह खुंट आणि ईसीयूला येणारी जाड वायर यांच्यात बघायचं. आकडा जास्त आला की एकेक जोड मोजत जायचं: खुंट आणि क्लॅम्प, क्लॅम्प आणि वायर, लग आणि बॉडी, मोठ्या फ्यूजचा बोल्ट. आकडा उडी मारेल तो जोड उघडा. फ्यूजच्या बुडाशी तपकिरी झालेलं प्लास्टिक दिसलं, तर बोल्ट ढिला होता असं समजा.

बॉडीचा रंग काढून, पॉलिश पेपरनं चकचकीत धातू येईपर्यंत घासायचं, बोल्ट नीट आवळायचा, वरून पेट्रोलियम जेली. वायरीच्या आत तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. नुसती टेप गुंडाळणाऱ्याला पैसे देऊ नका. पिवळ्या कपलरला मात्र मीटर लावायचा नाही, तो एअरबॅगचा असतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी सेकंडहँड घेतली असेल, तर डॅशखालचे कपलर आधी बघा.

कॉलम खरोखर जातोही. कोड पुसल्यावर टॉर्क सेन्सरचा (स्टेअरिंगवरचा हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड लगेच परत येत असेल आणि अर्थ व पॉझिटिव्ह दोन्ही बाजूंचे आकडे चांगले असतील, किंवा स्टेअरिंग आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर गाडी चालवू नका. बदलणं भाग आहे. तेव्हा बिलावर पार्ट नंबर आणि जीएसटी घ्या, जुना कॉलम ताब्यात घ्या. बऱ्याच गाड्यांत नवा कॉलम बसवल्यावर स्कॅनरनं टॉर्क सेन्सरचं शून्य सेट करावं लागतं. ते आपल्यासमोर करून घ्या.

फसवणूक झालीच असेल, तर दुसऱ्या गॅरेजकडून व्होल्टेजचे आकडे तारखेसह लेटरहेडवर लिहून घ्या. ते नसतील तर तक्रार लंगडी पडते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.