नदीपात्रातून चालण्याचे बूट, निओप्रीनचे मोजे आणि काठी: झायनच्या ‘नॅरोज’मधील काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेने कोरलेली ‘नॅरोज’ ही घळ आहे. तिच्या भिंती सुमारे ३०० मीटर उंच असून काही ठिकाणी पात्राची रुंदी जेमतेम सहा-सात मीटर उरते. इथे पायवाट अशी नाहीच, नदीचे पात्र हीच वाट. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून शरद ऋतू संपेपर्यंत मी या घळीत वारंवार चाललो आणि त्या सर्व काळात पाणी बाहेर सोडणारे बूट, निओप्रीन या कृत्रिम रबराचे तीन मिलिमीटर जाडीचे मोजे, एक जाड लाकडी काठी आणि तोंड गुंडाळून बंद करण्याची जलरोधक पिशवी एवढेच साहित्य वापरले. दुकानात घालून पाहिलेल्या बुटांबद्दल बरेच लिहिले जाते, पण वाळू, शेवाळ आणि गार पाण्यात एक संपूर्ण हंगाम काढल्यावर त्यांचे काय होते हे क्वचितच वाचायला मिळते, म्हणून हा तपशीलवार अनुभव लिहीत आहे.

सर्वांत आधी जलरोधक बुटांविषयी. डोंगरात वापरले जाणारे, आत पाणी शिरू न देणारे उंच बूट या नदीत निरुपयोगी ठरतात, कारण इथे पाणी घोट्याच्या वरून आत येते आणि जे अस्तर बाहेरचे पाणी अडवते तेच आत शिरलेले पाणीही अडवून धरते. परिणामी प्रत्येक पावलाला पाण्याचे ओझे उचलावे लागते. माझ्या बुटांच्या दोन्ही बाजूंना तळालगत जाळीची भोके आहेत. डोहातून बाहेर आल्यावर चार-सहा पावलांत आतले पाणी निघून जाते आणि पाय पुन्हा हलका होतो. हा गुण पहिल्या दिवसापासून हंगामाच्या अखेरपर्यंत तसाच टिकला. मात्र ज्या जाळीतून पाणी बाहेर पडते तिच्यातूनच बारीक वाळूही आत येते. घळीच्या भिंती वाळूच्या खडकाच्या आहेत आणि पात्रातली वाळू याच खडकाची झीज होऊन आलेली असल्याने ती अतिशय बारीक असते. ती आतल्या गादीखाली जाऊन बसते, चवड्याखाली तिचा कडक थर तयार होतो आणि परतीच्या वाटेवर तो बोचू लागतो. दुपारच्या विश्रांतीत बूट काढून, गादी उचलून आतला भाग नदीच्या पाण्याने धुऊन घेणे हाच त्यावर मला सापडलेला उपाय आहे.

या बुटांची खरी किंमत त्यांच्या पकडीत आहे, आणि सर्वांत आधी कमी होते तीही पकडच. शेवाळलेल्या गोल गोट्यांवर पाय टिकावा म्हणून तळाचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते. मऊ रबर दगडाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांत रुतते, त्यामुळे ओल्या दगडावरही घर्षण मिळते, पण तेच रबर कोरड्या, खरबरीत जमिनीवर लवकर झिजते. पहिल्या काही आठवड्यांत तिरक्या, बुळबुळीत दगडावर पाऊल ठेवले तरी पाय जागचा हलत नसे. हंगामाच्या मध्यापर्यंत चवड्याखालच्या खाचांच्या कडा गोलसर झाल्या, टाचेच्या बाहेरच्या बाजूच्या जवळजवळ सपाट झाल्या आणि त्यानंतर त्याच प्रकारच्या दगडावर पाऊल टाकण्याआधी वजन तोलून पाहण्याची गरज भासू लागली. शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून, म्हणजे ‘टेंपल ऑफ सिनावावा’पासून, पात्रात उतरण्याच्या जागेपर्यंत पावणेदोन किलोमीटरांची फरसबंद वाट आहे. ही वाट मी पुढे साध्या सपातांत चालू लागलो आणि नदीचे बूट पाण्याच्या काठावर घालू लागलो. पाठीवरचे ओझे थोडे वाढते, पण त्यानंतर झीज स्पष्टपणे मंदावली.

बाकी बांधणीबद्दल तक्रार कमी आहे. बोटांपुढचे जाड रबरी संरक्षण अत्यंत उपयोगी आहे, कारण गढूळ पाण्यात न दिसणारा दगड नेमका अंगठ्यालाच लागतो. या रबराची कड एका बुटात सुटू लागली होती, ती चिकटवून घ्यावी लागली. शिवणी मात्र एकही उसवली नाही. घोट्याला आधार देणारा उंच भाग असलेला प्रकार घ्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण दोन गोट्यांच्या फटीत पाऊल अडकते तेव्हा सगळा भार घोट्यावर येतो आणि घळीच्या आत मुरगळलेला पाय घेऊन प्रवाहातून परत येणे फार कठीण असते.

मोज्यांबाबत अपेक्षा नीट ठेवायला हवी. निओप्रीन पाय कोरडा ठेवत नाही. या रबरात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, आणि मोजा व त्वचा यांच्यामध्ये अडकलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उबेने कोमट राहतो. म्हणून मोजा पायाला घट्ट बसणे आवश्यक आहे. सैल मोज्यात पाणी सतत बदलत राहते आणि ऊब टिकत नाही. उन्हाळ्याच्या मध्यात साधे लोकरी मोजे पुरेसे होतात, पण शरद ऋतूत, जेव्हा घळीच्या तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते, तेव्हा निओप्रीनशिवाय बोटे बधिर होऊ लागतात. काही महिन्यांनी टाचेखालचा भाग दाबला जाऊन पातळ झाला आहे आणि तिथे पूर्वीपेक्षा लवकर गारठा जाणवतो. हिवाळ्यात हे मोजे अजिबात पुरणार नाहीत, त्यासाठी संपूर्ण अंग कोरडे ठेवणारा पोशाख लागतो.

काठीविषयी मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. घडीच्या, ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या डोंगरात उत्तम असतात, परंतु जोरदार प्रवाहात त्यांची बारीक नळी थरथरते आणि टोक दगडांच्या फटीत अडकून वाकते. खांद्याएवढ्या उंचीची एकच जाड लाकडी काठी त्याहून कितीतरी भरवशाची आहे. ओढ जास्त असेल तिथे प्रवाहाकडे तोंड करावे, काठी दोन्ही हातांनी धरून पुढे रोवावी आणि तिच्यावर थोडे वजन देऊन एका वेळी एकच पाऊल बाजूला सरकवावे. काठी व दोन पाय या तिन्हींपैकी दोन आधार नेहमी तळाला टेकलेले असले पाहिजेत. पाणी गढूळ असताना पुढची खोली मोजण्याचे कामही हीच काठी करते. तिचे खालचे टोक आता झिजून कुंच्यासारखे पसरले आहे, पण पकडीवर त्याचा वाईट परिणाम झालेला नाही. उद्यानातील झाडांच्या फांद्या तोडू नयेत. काठी बाहेरूनच न्यावी.

पिशवीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तोंड किमान तीन वेळा घट्ट गुंडाळले तर आतले कपडे कोरडे राहतात. पिण्याचे पाणी मात्र सगळे सोबत न्यावे लागते. २०२० साली या नदीत सायनोबॅक्टेरिया हे विषारी सूक्ष्मजीव आढळले आणि तेव्हापासून नदीचे पाणी तोंडात जाऊ देऊ नये, डोके बुडवू नये अशी सूचना उद्यान देत आले आहे. हे विष साध्या गाळणीने निघत नाही.

साहित्य कितीही चांगले असले तरी घळीत जायचे की नाही हे नदीचा विसर्ग ठरवतो. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या, म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटरांच्या वर गेला की उद्यान ही वाट बंद करते. वसंतात बर्फ वितळत असताना बहुतेक वर्षी हे घडते. विसर्ग ५०च्या आसपास असताना पाणी पोटरी ते गुडघ्यापर्यंत राहिले आणि डोहांत कंबरेपर्यंत आले. १००च्या पुढे हेच बूट आणि हीच काठी असूनही वेग निम्म्यावर येतो आणि दमणूक दुप्पट होते. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच्या वादळी पावसाच्या काळात अचानक येणाऱ्या लोंढ्याचा धोका असतो. पाऊस दूर वरच्या पठारावर पडलेला असतो आणि घळीत मात्र निळे आकाश दिसत असते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी याच उद्यानातील कीहोल घळीत आलेल्या लोंढ्यात सात जणांचा मृत्यू झाला. ऑर्डरव्हिल घळीच्या संगमानंतर ‘वॉल स्ट्रीट’ नावाचा सर्वांत अरुंद टप्पा लागतो, तिथे चढून बसण्यासारखी उंच जागा जवळजवळ नाही. म्हणून दररोज प्रसिद्ध होणारा लोंढ्याच्या शक्यतेचा अंदाज मी सकाळी पाहतोच, आणि ‘शक्य’च्या वरची श्रेणी असेल तर बूट बाहेर काढत नाही. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला किंवा वरून घुमणारा आवाज आला तर तत्क्षणी उंच जागा गाठायची असते.

देखभालीत दोन गोष्टींनी मोठा फरक पडला. घरी आल्यावर लेस पूर्ण काढून बूट गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. थेट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास तळ चिकटवणारा गोंद कमकुवत होतो. दुसऱ्या नदीत नेण्याआधी ते पूर्ण वाळलेले असावेत, कारण ओल्या शिवणींतून बारीक गोगलगायींसारखे परके जीव एका नदीतून दुसरीत पोहोचतात. नमदा लावलेल्या तळाचे बूट याच कारणाने यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २०१८पासून वर्ज्य आहेत, त्यामुळे पकड चांगली असली तरी तो प्रकार मी निवडला नाही.

जे एकदाच जाणार आहेत त्यांनी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. उद्यानाच्या दक्षिण प्रवेशद्वाराला लागून असलेल्या स्प्रिंगडेल गावात बूट, मोजे आणि काठी एकत्र भाड्याने मिळतात. फक्त घेताना बूट उलटा करून चवड्याखालच्या खाचांच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात, आणि त्या गोल झालेल्या असतील तर दुसरा जोड मागावा. जे परवाना न लागणारी ‘बिग स्प्रिंग’पर्यंतची, जाऊन-येऊन सुमारे १५ किलोमीटरांची वाट हंगामात पुन्हा पुन्हा करणार आहेत, त्यांना मात्र स्वतःचे बूट घेणे योग्य ठरेल. माझे बूट अजून फाटलेले नाहीत, तरीही पुढच्या हंगामाआधी मी त्यांना नवा मऊ तळ बसवून घेणार आहे, आणि ते जमले नाही तर याच प्रकारचा नवा जोड घेईन.