टिळकवाडीतला सी आणि लिनक्सचा क्लास: सिग्नल शिकायचे तर इथं

उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनची मापं नोंदवणारा प्रोग्रॅम मी सांभाळते. तो मध्येच बंद केला तरी फाइल नीट मिटली पाहिजे, एवढ्यासाठी हा क्लास लावला. फी बेळगावच्या मानानं जास्त आहे, पण सिग्नलच्या (चालत्या प्रोग्रॅमला ‘बंद हो’ वगैरे कळवणाऱ्या सूचनांच्या) तासांनीच ती वसूल झाली.

सरांनी व्याख्या लिहून दिली नाही. फळ्यावर छोटा प्रोग्रॅम मांडला: ‘आधी’ छापा, रेज(सिगटर्म) करून स्वतःलाच ‘बंद हो’ हा सिग्नल पाठवा, ‘नंतर’ छापा. चालवला तर ‘आधी’ आलं, पाठोपाठ ‘टर्मिनेटेड’, आणि खेळ खलास. लगेच एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम कसा संपला ते सांगणारा आकडा, बघायला लावला: १४३. म्हणजे प्रोग्रॅम सिग्नलनं मेला की शेल (आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) धरतो ते १२८, अधिक सिगटर्मचा क्रमांक १५. मग हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं आपलं फंक्शन, बसवला आणि त्यात ‘आत’ छापलं. आता ओळी आल्या आधी, आत, नंतर. हँडलर संपल्याशिवाय रेज परतत नाही, हे असं डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही. हँडलरमध्ये प्रिंटएफ (छापायचं नेहमीचं फंक्शन) का टाळायचं आणि राइट (थेट सिस्टिमला लिहायला सांगणारं) का चालतं, तेही तिथंच कळलं.

किल(गेटपिड(), सिगटर्म) लिहूनही प्रोग्रॅम स्वतःलाच सिग्नल पाठवतो. पण थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी कामं) अनेक असतील तर किलचा सिग्नल त्यांतल्या कुणाकडेही जाऊ शकतो. रेजचा मात्र ज्या थ्रेडनं रेज बोलावलं त्यालाच मिळतो. मला सगळ्यात कामाची वाटली ती पुढची गोष्ट. हँडलरमध्ये आवराआवर झाली की सिग्नलची मूळ वागणूक परत लावायची आणि तोच सिग्नल पुन्हा स्वतःला पाठवायचा. मग प्रोग्रॅम सिग्नलनंच मेला हे शेलला खरंखरं कळतं. नुसतं एक्झिट(०) केलं तर सगळं सुरळीत संपलं असाच समज होतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये मी हे घातलंय, आणि तपासताना दरवेळी कंट्रोल-सी दाबत बसावं लागत नाही, रेजची एक ओळ पुरते.

शिकवणं मराठीत. कुणी कानडी पोरगं अडलं तर सर तेच कानडीत सांगतात, न वैतागता.

तक्रार आहे ती सिगॅक्शनची, म्हणजे हँडलर बसवायच्या फंक्शनची. नवीन कोडमध्ये सिग्नल() या जुन्या फंक्शनऐवजी तेच वापरायचं असतं, आणि नेमकं तेच शेवटी घाईत उरकलं. त्याला पूर्ण तास द्यायलाच हवा. खोली पण लहान, मागच्या बाकावरून स्क्रीन दिसत नाही. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, तास लांबतो. आणि लॅपटॉपवर लिनक्स घालूनच जा.