जुन्या कॉन्टेसासाठी इंजिन स्टे रॉड: किनाऱ्यावर बुशवालाच घ्या

हेड फेस करून कॉम्प्रेशन वाढवलेली, मोठा कार्बुरेटर बसवलेली कॉन्टेसा आंबा घाटात दुसऱ्या गिअरवर दाबली की बोनेटखाली इंजिन कूस बदलतं. त्याला आवर घालायचा तो स्टे रॉड. बाजारात तो दोन प्रकारचा मिळतो. एकाच्या दोन्ही टोकांना पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या टणक प्लास्टिकचे बुश असतात, दुसऱ्याच्या टोकांना रोज जॉइंट, म्हणजे लोखंडी गोळीचे सांधे. कोकणात पहिलाच घ्यावा. रोज जॉइंटवाला रेसच्या गाडीसारखा दिसतो खरा, पण खाऱ्या हवेत त्याची गोळी गंजून करकरायला लागते आणि इंजिनाची सगळी थरथर तो थेट पत्र्यात उतरवतो.

रॉडवर ओढ किती येते ते आधी पाहू. इंजिनाचा टॉर्क 135 न्यूटन-मीटर आणि पहिला गिअर 3.5 धरला, तर प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर, सुमारे 470 न्यूटन-मीटर जातो. तेवढाच उलटा पीळ इंजिन आणि गिअरबॉक्सला बसतो. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसतं, त्या दोन फाउंडेशनमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर असेल, तर एक बाजू जवळपास 95 किलोच्या जोरानं वर उचलली जाते आणि दुसरी तेवढीच खाली दबते. क्लच झटक्यात सोडला की हा आकडा क्षणभर आणखी चढतो. क्रँक समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो, म्हणून उचलली जाते ती गाडीची डावी बाजू. रॉड तिथेच लावायचा, ब्लॉकवरून खाली चॅसिसकडे. तिथे तो ओढला जातो आणि ओढीत 12 मिलिमीटरचा रॉडही पुरतो. उजव्या बाजूला लावला तर तो दाबला जाईल, आणि बारीक रॉड दाबाखाली वाकतो.

ही काळजी अनाठायी नाही. शेवरोलेच्या 1965 ते 1970 या वर्षांच्या सुमारे 67 लाख गाड्या डिसेंबर 1971 मध्ये परत बोलवाव्या लागल्या होत्या. फाउंडेशनचं रबर सुटून इंजिन उचललं जायचं आणि अ‍ॅक्सिलेटर ओढलेलाच राहायचा. त्यावर कंपनीनं इंजिनाला वायर रोपचा बंध घातला. स्टे रॉडचं कामही एवढंच: इंजिनाचं वजन फाउंडेशननं पेलायचं, रॉडनं फक्त हालचाल रोखायची.

म्हणून फाटक्या फाउंडेशनवर रॉड लावणं चूक आहे. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरवर क्लच अर्धवट सोडून हलकी रेस द्या आणि दुसऱ्याला बाजूनं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पाहायला सांगा. गाडीसमोर कुणीही उभं राहू नये. मग रिव्हर्सवर हेच करा. कव्हर दोन-तीन बोटं उचललं जात असेल, तर फाउंडेशनचं रबर लोखंडी पत्रीपासून सुटलंय. आधी ते बदला. गिअरबॉक्सचं मागचं फाउंडेशनही त्याच वेळी तपासा. पुढून इंजिन घट्ट बांधलं आणि मागचं रबर मऊच राहिलं, तर पीळ गिअरबॉक्सच्या कानांवर जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमचे कान तडकतात.

बुश घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: पॉलिएस्टर की पॉलिइथर? दिसायला दोन्ही सारखे, पण पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन दमट उष्ण हवेत पाण्यानं विरत जातं आणि शेवटी भुगा होतो. आपल्याकडे पॉलिइथरच टिकतं. दुकानदाराला सांगता येत नसेल, तर साधा रबरी बुश बरा. कडकपणा 80 शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) पुरे. 95 चा बसवला की 800 आरपीएमच्या आयडलला चार सिलिंडरची सेकंदाला सुमारे 27 वेळा होणारी थरथर स्टिअरिंगमध्ये येते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जवळ असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या; सतत 80-90 अंशांच्या वर पॉलियुरेथेन मऊ पडत जातं.

बसवताना सगळं कसब जुळवणीत आहे. गाडी सपाट जागी, इंजिन आपल्या फाउंडेशनवर मोकळं बसलेलं हवं. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, जॅक ठेवू नका, पत्रा चेपतो. रॉडची लांबी कमी-जास्त करणारा टर्नबकल फिरवत दोन्ही बोल्ट हातानं आत सरकतील एवढी लांबी जुळवा. एकही पान्ह्यानं ओढून बसवावा लागता कामा नये. रॉड ताणून बसवला की इंजिन कायम एका अंगावर राहतं, आयडल खडबडतं आणि बुश महिन्याभरात चेपतो. बोल्ट 10 मिलिमीटरचे, 8.8 ग्रेडचे, 45 ते 50 न्यूटन-मीटरवर आवळा. स्टेनलेसचा मोह अनेकांना होतो, पण साधा 304 खाऱ्या हवेत टिपक्यांनी पोखरला जातो, त्याचे आटे आवळताना एकमेकांत जाम होतात आणि नेहमीची ए2-70 ग्रेड 8.8 पेक्षा कमी ताकदीची आहे.

रॉडच्या किटची खरी उणीव चॅसिसकडच्या ब्रॅकेटमध्ये आहे. 4 मिलिमीटरची पत्री चांगली असते, पण खोबणीत लाल माती साचते, भिजत राहते आणि तिथूनच गंज लागतो. बसवण्याआधी तळाला 8 मिलिमीटरचं भोक पाडा. ब्रॅकेट मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर कधीच नाही, चॅसिसवरच, आणि मागून 3 मिलिमीटरची प्लेट देऊन. पाडलेल्या भोकाच्या कडांना झिंक प्रायमर लावा, चॅसिसच्या पोकळ पेटीच्या आत मेण फवारा.

इंजिनाची अर्थिंगची पट्टी मात्र काढू नका. बुशमधून करंट जात नाही. पट्टी कुजली असेल तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

रॉड नीट बसला की रेडिएटरचा फॅन त्याच्याभोवतीच्या आवरणाला, म्हणजे श्राउडला, घासायचा थांबतो आणि सायलेन्सरचा पुढचा जोड वारंवार तडकत नाही. आंबोलीची वळणं उतरताना इंजिनावर गाडी धरली की पीळ उलटा बसतो. तेव्हाही गिअरचा दांडा जागचा हलत नाही. पहिल्या 500 किलोमीटरनंतर चेकनट, म्हणजे रॉडची लांबी पक्की धरणारा नट, पुन्हा आवळा आणि नट व रॉडवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली, की नट सरकलाय.