खालचे दोन वूफर मुके होते

मागच्या वर्षी निवृत्तीचे पैसे हातात आले आणि त्यातले २,४०,००० रुपये मी टॉवर स्पीकरच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरच्या, एका जोडीत घालवले. मी लातूरचा. शाळेत शिकवलं आणि भजनी मंडळात तीस वर्षं तबला वाजवला. नवीन घराचा हॉल बांधला तेव्हाच ठरवलं होतं, की इथे ख्याल ऐकायचा तर तानपुऱ्याची तार न् तार ऐकू आली पाहिजे, आणि रविवारी पोरांना सिनेमाही बघता आला पाहिजे. अशी हौस असलेले आपल्या भागात बरेच जण आहेत, आणि ऐकून बघायला चांगली दुकानं हाताच्या बोटांवर. फसवणाऱ्याला तेच सोयीचं जातं.

दुकान संभाजीनगरचं. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. युरोपातल्या नावाजलेल्या कंपनीचे टॉवर, छापील किंमत ४ लाखांच्या पुढे, "सर, तुमच्यासाठी २ लाख ४०". कारण असं सांगितलं, की मुंबईच्या एका मोठ्या ऑर्डरमधली एक जोडी शिल्लक राहिली आहे. मुलाने नंतर मला दाखवलं, की परदेशात ही युक्ती फार जुनी आहे. व्हॅनमधून स्पीकर विकणारे 'गोदामातून जादा माल आलाय' म्हणत रस्त्यात गिऱ्हाईक गाठतात, म्हणून तिला 'व्हाइट व्हॅन' फसवणूक म्हणतात. इथे व्हॅनच्या जागी गालिचा घातलेली एसी खोली होती, एवढाच फरक.

त्या खोलीत जे ऐकलं ते खरोखर सुंदर होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. दुकानदाराने आधी एक साधी जोडी वाजवली, मग ही. दुसऱ्या खेपेला आवाज जरासा वाढवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. एखाद-दोन डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'स्वच्छ' वाटतो, 'भरलेला' वाटतो. शिवाय पडद्यामागे एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, चालू होता. त्याचा निळा दिवा मी निघताना पाहिला, आणि तरी विचारलं नाही. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये विलंबित एकताल होता. तो लावा म्हटलं तर "सर, पेन ड्राइव्ह या सिस्टिमला चालत नाही". मग त्याच्याच पसंतीचे ढोल आणि स्फोट ऐकून मी भारावून बाहेर पडलो.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात १००० वॅट लिहिलं होतं. वॅट बघून स्पीकर घ्यायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बघायची असते संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. ८७ चा स्पीकर आणि ९० चा स्पीकर यांत तीनच आकड्यांचं अंतर दिसतं, पण तेवढाच आवाज काढायला ८७ वाल्याला अँप्लिफायरची दुप्पट ताकद लागते. त्यातही एक मेख आहे. मोजमाप बहुधा २.८३ व्होल्टवर करतात. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. त्यामुळे ४ ओहमवाल्याचा आकडा कागदावर ३ डेसिबलने फुगलेला असतो, आणि वर घरातल्या अँप्लिफायरवर जास्त भार येतो तो वेगळाच. माझ्या पत्रकात ओहम लिहिलेच नव्हते.

५०,००० फोनवरून पाठवले. बाकीचे १,९०,००० रोख, "बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल". माझी सगळ्यात मोठी चूक ही. ऐकलेली जोडी 'डेमोची' म्हणून तिथेच राहिली, आणि चार दिवसांनी टेम्पोतून बंद खोकी आली.

पहिल्याच संध्याकाळी कान खट्टू झाला. आवाज मोठा होता, पण डाव्या हाताच्या डग्ग्याला घुमक नव्हती. 'धा' हा दोन्ही हातांचा बोल वाजला की उजव्या हाताचा 'ना' तेवढा ऐकू यायचा. तबल्याच्या पुडीवरच्या काळ्या गोलामुळे, म्हणजे शाईमुळे, त्याचे स्वर सुरेल पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं. मला कागदावरचं गणित येत नाही, पण हाताखालचा तबला मला कळतो, आणि हा तबला अर्धाच होता. फोन केला. उत्तर आलं, "सर, नवीन स्पीकर मोकळा व्हायला शंभर तास लागतात. वाजवत राहा." महिना गेला. मग म्हणाला, खोलीचा दोष आहे.

खोलीचा दोष खोटा नसतो, म्हणून तर माणूस गप्प बसतो. आमचा हॉल १६ बाय १२, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. १६ फुटांत साधारण ३५ हर्ट्झला आणि १२ फुटांत ४७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. पण त्यामुळे काही ठिकाणी खर्ज जास्त ऐकू येतो, काही ठिकाणी कमी. कोपऱ्यात उभं राहिलं की तो वाढलेलाच असतो. मी चारही कोपऱ्यांत उभा राहून पाहिलं. कुठेच नव्हता. मग पुढची जाळी काढून एकेका वूफरच्या, म्हणजे खर्ज काढणाऱ्या गोल भागाच्या, कागदावर बोटाची टोकं अलगद ठेवली. वरचा मिड, म्हणजे मधले स्वर काढणारा, थरथरत होता. खालचे दोन गार, निपचित.

आमच्या गल्लीच्या टोकाला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी कान लावला, मीटर लावला आणि म्हणाले, "गुरुजी, वरचे दोघंच बोलायलेत. खालचे दोन मुके हायेत." खालच्या वूफरचे चार स्क्रू काढले तेव्हा मी टॉर्च धरून बसलो होतो. वूफरच्या मागे वायरच जोडलेली नव्हती. चुंबक म्हणावं तर दोन रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. खऱ्या टॉवरमध्ये खर्ज, मध्य आणि तार वेगळे करून ज्याचं त्याला देणारा क्रॉसओव्हर असतो, म्हणजे एका पट्टीवर तांब्याच्या कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर. इथे तार स्वर काढणाऱ्या ट्वीटरच्या वायरीत एक कपॅसिटर तेवढा डकवलेला. चाचांनी आत हात घातला आणि तळातून फडक्यात गुंडाळलेला काँक्रीटचा तुकडा बाहेर काढला. वजनासाठी ठेवलेला. टेम्पोवाल्या दोघांनी धापा टाकत खोकी उतरवली होती, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, माल दमदार दिसतोय.

मग कागद तपासायला बसलो, जे आधी करायला हवं होतं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, कोणत्या देशातला माल आणि महिना-वर्ष छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर त्या जागी स्टिकर खरवडल्याची खूण होती. दोन्ही टॉवरवर एकच सिरियल नंबर. कंपनीच्या भारतातल्या आयातदाराला ईमेल केला, तर तसा नंबर त्यांच्या नोंदीत नाही असं उत्तर आलं. हा ईमेल पैसे देण्याआधीही फुकटच झाला असता.

दुकानदाराने आधी "बघतो सर" म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. तिथून कळलं, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, संभाजीनगरच्या चकरा माराव्या लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत २ वर्षांची. तशी तक्रार केली, पण बिल नसल्यामुळे १,९०,००० सिद्ध करताना जड जातंय. ५०,००० ची बँक नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे "बाकी रोख आणा सर" हे त्याचे शब्द, एवढ्यावर सगळं उभं आहे. ते संभाषण मी पुसलं नाही, हे नशीब. पोलिसांतही लेखी अर्ज दिला आहे.

गेल्या महिन्यात नांदेडच्या व्याह्यांना टॉवर घ्यायचे होते, ते मला सोबत घेऊन गेले. वेगळ्या गावातलं वेगळं दुकान. आम्ही आमचंच रेकॉर्डिंग नेलं, सबवूफर बंद करायला लावला, दोन्ही जोड्यांचा आवाज फोनवरच्या डेसिबल ॲपने सारखा करून मगच ऐकलं. दुकानदाराला राग आला नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बसला. प्रत्येक वूफरला हात लावला. व्याह्यांना सिनेमाची आवड जास्त, तेव्हा सगळे पैसे टॉवरवर न घालता त्याच मालिकेतला, दोन टॉवरच्या मध्ये ठेवायचा स्पीकर घेतला, कारण संवाद बहुतेक त्यातूनच येतात आणि त्याचा पोत टॉवरशी जुळला नाही तर पात्र चालता चालता आवाज बदलतो. ऐकलेली जोडीच डोळ्यांदेखत खोक्यात भरून घेतली. दोन वेगळे सिरियल नंबर बिलावर लिहून घेतले, पैसे बँकेतून दिले. सूट फारशी मिळाली नाही. व्याही म्हणाले, राहू द्या.

माझे टॉवर हॉलमध्येच उभे आहेत, वकिलांनी हलवू नका म्हणून सांगितलंय. काँक्रीटचा तुकडा फडक्यासकट पिशवीत बांधून कपाटात ठेवला आहे. पुढच्या तारखेला तो सोबत न्यायचा आहे, आणि चाचा साक्षीला यायला तयार आहेत.